आधी विचारा, मग बकेट लावा

मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सांगली
यांस,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण विषय जिल्ह्याची हद्द पाळत नाही. टेंभू योजनेचा बंधारा कराड तालुक्यात, पण पाणी जाते आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळला. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. पुणे-बंगळूर महामार्ग शिरवळजवळ सातारा जिल्ह्यात शिरतो आणि कराड मागे टाकून कासेगाव, नेर्ले, पेठ नाका असा सांगलीतून पुढे कोल्हापूरकडे जातो. पुणे-मिरज लोहमार्गाचेही तेच. नैसर्गिक वायूच्या वितरणासाठी तर नियामक मंडळाने सातारा आणि सांगली मिळून एकच क्षेत्र केले आणि ते भारत पेट्रोलियमकडे दिले. या सगळ्यांच्या पोटातून किंवा कडेने जमिनीखालून काही ना काही जाते. पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी, सांडपाणी, वीज, गॅस, मोबाइल आणि इंटरनेटच्या केबल. आणि त्याच जमिनीवर रोज कुठे ना कुठे जेसीबीची बकेट पडते.

मागणी आधीच सांगतो. दोन्ही जिल्ह्यांत रस्ता, गटार, पाइप, केबल, पाया, बोअर, कशासाठीही यंत्राने खोदायचे असेल तर आधी त्या जागेखाली काय आहे याची विचारणा व्हावी, ज्याची वाहिनी असेल त्याने जागेवर येऊन फक्कीने आखून द्यावी, आखलेल्या पट्ट्यात हाताने खड्डा काढून वाहिनी डोळ्यांनी बघावी आणि मगच यंत्र लावावे. एवढे करूनही वाहिनीला धक्का लागला तर लपवू नये, आणि सांगणाऱ्याचा त्यात तोटा होऊ नये. हे आज कुणी करत नाही असे मी म्हणत नाही. काही चांगले कंत्राटदार करतात, काही अभियंते आग्रह धरतात. पण ते माणसाच्या मर्जीवर आहे. ते आपल्या सहीने सक्तीचे व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे काम बघतो. त्यामुळे सुरुवात शेतकऱ्याच्या पाइपलाइनपासून करतो. शहरातल्या गॅसवाहिनीची, महामार्गाच्या कडेच्या केबलची निदान कुणीतरी कंपनी असते, तिच्या दप्तरात नकाशा असतो. आमच्या शिवाराखाली जे आहे त्याचा नकाशा बहुतेक ठिकाणी कुठेच नाही.

कृष्णा, वारणा, येरळा, कोयना या नद्यांच्या काठावरून मळ्यात पाणी आणण्यासाठी गेल्या काही पिढ्यांनी काय काय पुरले आहे, याची कल्पना रस्त्यावरून गाडीने जाणाऱ्याला येणार नाही. नदीकाठी जॅकवेल, तिथून वर चढणारी मुख्य वाहिनी, माथ्यावर चेंबर, चेंबरपासून वाटण्या. काही संस्थांच्या, काही चार भावांनी मिळून आणलेल्या, काही एकट्या शेतकऱ्याच्या. जुन्या सिमेंटच्या, मधल्या काळातल्या लोखंडी, आताच्या पीव्हीसीच्या. एका बांधाखालून पाच-पाच जणांच्या पाइप गेलेल्या मी बघतो. त्या रस्ते ओलांडतात, ओढे ओलांडतात, कालव्याखालून जातात. रस्ता ओलांडताना ज्यांनी बांधकाम विभागाची परवानगी घेतली, अनामत भरली, त्यांचा कागद कुठल्यातरी फायलीत असेल. दुसऱ्याच्या शेतातून पाइप न्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदार हुकूम देतात. तो हुकूमही तहसील कचेरीत असतो. पण कित्येक पाइपलाइनी कुठल्याही हुकुमाशिवाय, भावकीतल्या आणि शेजाऱ्यातल्या संमतीने, फार तर स्टँपवर लिहून झाल्या. त्या खऱ्या आहेत, त्यांच्यावर बागायत उभी आहे, आणि त्या कुठून जातात हे ज्याने चर काढताना उभे राहून बघितले त्यालाच माहीत आहे. तो माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे, नाहीतर नाही.

याच कलम ४९ मध्ये पाइप जमिनीखाली निदान अर्धा मीटर असावी असे म्हटले आहे. अर्धा मीटर म्हणजे पावणेदोन फुटांहूनही थोडे कमी. जेसीबीच्या बकेटला एवढे खोल जायला एक घाव पुरतो. उसाची खोडवी काढल्यावर जे सबसॉयलर लावतात तेही त्याच्या जवळपास पोहोचते. त्यात आमची जमीन एकसारखी नाही. जावळी, पाटण, सातारा तालुक्याच्या डोंगराळ बाजूला दोन फुटांवर काळा पाषाण लागतो. खडक लागला की ब्रेकरचे भाडे वाढते, मग चर उथळ राहतो आणि कागदावर मात्र ठरलेली खोली लिहिली जाते. खाली सांगली, मिरज, पलूसच्या बाजूला खोल काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यातली पाइप वर्षानुवर्षे हलत राहते. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आले, काठावरची माती कुठे वाहून गेली, कुठे गाळ साचला. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, कुठे रुंदीकरणात साइडपट्टी खरडली गेली. म्हणून ज्या दिवशी पाइप पुरली त्या दिवशीची खोली आज खरी धरू नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण खोदणारे लोक नेमके हेच विचारतात: "किती खाली आहे?" आणि कुणीतरी आठवून सांगते: "तीन फूट." त्या तीन फुटांवर विसंबून पहिले दोन फूट यंत्राने काढले जातात.

उन्हाळ्यात मुख्य वाहिनी फुटली तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. पाणी सोडण्याची पाळी ठरलेली असते, शेतीपंपाला वीज ठरावीक तास असते. दुरुस्तीला चार दिवस गेले तर ज्याची पाळी हुकली त्याला पुढच्या फेरीपर्यंत पाणी नाही. आडसाली ऊस थोडे सोसतो, नव्या लावणीची रोपे सोसत नाहीत. द्राक्षबागेला फळछाटणीनंतर पाणी तुटले तर वर्ष गेले. ज्याने पाइप फोडली तो कंत्राटदार तोवर पुढच्या गावात असतो, आणि भरपाई कुणी द्यायची यावर रस्त्याचे खाते, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्याच संस्थेला हे भोगावे लागले आहे. नाव घेत नाही, कारण मला भांडण उकरून काढायचे नाही, पुढचे टाळायचे आहे.

आमच्याकडे आणखी एक पुरलेली गोष्ट आहे जी बाहेरच्या अभियंत्याला सुचतही नाही. कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे निचऱ्याचे जाळे घातले जाते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या कामाला दिशा दिली. ही पाइप कुठल्या पंपाला जोडलेली नाही, तिच्यात दाब नाही, ती तुटली तर कारंजे उडत नाही. कुणाला कळतही नाही. दोन-तीन वर्षांनी वरच्या बाजूचे रान पुन्हा पांढरे पडू लागते तेव्हा शेतकरी डोक्याला हात लावतो.

आता यंत्रावर बसलेल्या माणसाबद्दल. वाहिनी फुटली की पहिली शिवी त्याला बसते. मला हे अन्यायाचे वाटते. यंत्र तासाच्या भाड्याने आलेले असते. ऑपरेटर बहुतेक वेळा त्या गावचा नसतो, कधी या राज्याचाही नसतो. त्याला सकाळी जागा दाखवली जाते: इथून तिथपर्यंत एवढा रुंद, एवढा खोल. खाली काय आहे हे सांगणारे कुणी नसते, आणि त्याने विचारले तर यंत्र थांबते, तास वाया जातो, मुकादम ओरडतो. म्हणजे जमिनीखालच्या माहितीची सर्वात जास्त गरज ज्याला आहे त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, महावितरणचा जुना वायरमन, योजनेचा पाटकरी, संस्थेचा फिटर, यांना गावाखालची निम्मी जमीन तोंडपाठ असते. तो माणूस अर्धा तास जागेवर आला असता तर काम बिघडले नसते. त्याला बोलावणे हे कुणाचे काम, हे कुठेही लिहिलेले नाही. आपल्या आदेशात पहिली ओळ याची असावी असे मला वाटते.

जमीन स्वतःही खुणा देते, आणि त्या ऑपरेटर व हेल्परला शिकवल्या पाहिजेत. अखंड मुरमात अचानक स्वच्छ वाळू लागली, तर ती कुणीतरी मुद्दाम भरलेली आहे. ओळीने मांडलेल्या विटा किंवा फरशा लागल्या, तर खाली बहुधा विजेची केबल आहे. अकरा हजार व्होल्टची भूमिगत केबल साधारण तीन फुटांवर घालून वर वाळू आणि विटांचे आच्छादन देतात ते याचसाठी. प्लास्टिकची रंगीत पट्टी वर आली, तर ती कचरा समजून फेकून द्यायची नसते, तिथे थांबायचे असते. गॅसवाहिनीच्या वर अशीच इशाऱ्याची पट्टी असते. रस्त्याच्या कडेला छोटे खांब, दगड, झाकणे असतात. आमच्याकडे खोदताना सर्वात आधी त्यांचाच बळी जातो, कारण ते चराच्या आड येतात.

शोधायला यंत्रे आहेत हे मला ठाऊक आहे, आणि ती वापरलीही पाहिजेत. पण त्यांची मर्यादा आपल्या जमिनीत जास्त जाणवते. धातू शोधणारे यंत्र प्लास्टिकची पाइप दाखवत नाही. शहरातली गॅसवाहिनी मुख्यतः पॉलिथिलीनची, पाण्याची नवी वाहिनी प्लास्टिकची, केबलचे डक्ट प्लास्टिकचे. जमिनीत रडारच्या लहरी सोडून बघण्याचे तंत्र कोरड्या मुरमात चालते, ओल्या काळ्या चिकणमातीत आणि खारवट जमिनीत त्या लहरी फार खोल जात नाहीत. म्हणजे शिरवळ-खंडाळ्याकडे जे दिसेल ते दुधगाव-कवठेपिरानकडे दिसेलच असे नाही. म्हणून हाताने काढलेल्या खड्ड्याला पर्याय नाही. आखणीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडायची, कुदळ उभी न मारता कडेने माती सैल करायची, वाहिनी उघडी पडेपर्यंत फावड्यानेच काम करायचे. वाहिनी दिसली की तिच्याजवळ दातांची बकेट लावायची नाही. यात एखादा दिवस जातो. दुरुस्तीत किती जातात ते वर सांगितले आहे.

गॅसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या दोन जिल्ह्यांना ही वाहिनी नवी आहे. पाण्याची सवय लोकांना आहे, विजेची भीती आहे, गॅसवाहिनीची मात्र अजून ना सवय ना भीती. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वाहिनीतला नैसर्गिक वायू हलका, मोकळ्या हवेत वर निघून जातो. त्यामुळे काहींना तो कमी धोक्याचा वाटतो. पण जमिनीखाली फुटलेल्या वाहिनीतून तो सरळ वर येईलच असे नाही. वरून डांबर किंवा काँक्रीट असेल तर तो जिथे वाट मिळेल तिथून सरकतो: गटारातून, केबलच्या डक्टमधून, सैल भरावातून, आणि दूरच्या एखाद्या घराच्या मोरीत किंवा तळघरात निघतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, पण मातीतून लांब जाताना तो वास कमी होऊ शकतो.

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी नेमके हेच झाले. एका बांधकामाच्या जागी छिद्रे घेताना गॅसवाहिनीला भोक पडले. गॅस सांडपाण्याच्या वाहिनीतून भुयारी रेल्वेच्या खोदकामात जाऊन साचला आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी स्फोट झाला. १०१ माणसे गेली, त्यात शाळेला निघालेली बरीच मुले होती. जिथे भोक पडले आणि जिथे माणसे मेली, त्या दोन जागा वेगळ्या होत्या. सांगली-मिरजेत सांडपाण्याच्या योजनेची कामे वर्षानुवर्षे चालू आहेत आणि त्याच रस्त्यांत आता गॅस येतो आहे. म्हणून ही जुनी, दूरची घटना मला आपल्यासमोर ठेवावीशी वाटते.

जवळची हवी असेल तर मुंबईची आहे. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत रात्री रस्त्याचे खोदकाम चालू असताना जेसीबीने गॅसवाहिनी फुटली, आग लागली आणि रस्त्यावरून जाणारी माणसे होरपळली. त्यांचा त्या खोदाईशी काही संबंध नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रॉम्बेला मुख्य वाहिनीला बाहेरच्या कामाचा धक्का लागला आणि मुंबईत रिक्षा-टॅक्सी सीएनजीसाठी रांगा लावून उभ्या राहिल्या. देशातल्या सर्वात जुन्या आणि अनुभवी गॅसजाळ्यांपैकी एकाच्या शहरात हे होते, तर कराडच्या मंगळवार पेठेत किंवा विट्याच्या बाजारपेठेत ते होणार नाही असे मानण्याला आधार नाही.

आणि बेल्जियममधली गिलेंगियाँची घटना मी कधी विसरू शकत नाही. ३० जुलै २००४ रोजी तिथे उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली, २४ माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. गळतीची खबर मिळून धावत आलेले अग्निशमन दलाचे जवानही मृतांत होते. त्या दिवशी वाहिनीला कुणीच हात लावलेला नव्हता. काही आठवडे आधी तिथल्या बांधकामात एका यंत्राने तिचे पोलाद खरवडले होते, भिंत पातळ झाली होती, आणि वर माती पडली होती. पुढे दाब वाढला तेव्हा ती फाटली. बकेटचा दात पाइपला घासला, पण फुटली नाही, गळत नाही, सगळे ठीक दिसते. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? वर माती लोटतात. सांगितले तर काम बंद, दंड, बिल अडकणार. न सांगितले तर कुणाला कळणार नाही. जोपर्यंत हा हिशेब असा आहे तोपर्यंत प्रामाणिक माणूसही गप्प बसेल. म्हणून मी म्हणतो की ज्याने आधी विचारले, आखणी पाळली, आणि तरी लागले म्हणून स्वतःहून सांगितले, त्याच्यावर दंड नको. दुरुस्तीचा खर्च कुणाकडे, ते नियमाने ठरवा. ज्याने न विचारता खोदले किंवा लागल्यावर बुजवले, त्याच्यावर मात्र गुन्हा नोंदवा आणि पुढचे काम देऊ नका. या दोन माणसांना आज एकाच मापाने मोजले जाते, आणि बुजवणारे त्यातूनच तयार होतात.

पाण्याच्या वाहिनीबाबत हे बुजवणे फार घातक आहे. आपल्या बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी चोवीस तास नसते. ज्या वेळी सोडलेले असते त्या वेळी तडा गेलेल्या जागेतून पाणी बाहेर येते. बंद झाले की पाइप रिकामी होते आणि त्याच तड्यातून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. शेजारी गटार असेल तर गटाराचे. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला तेच पाणी घरात येते. मिरजेने २०१४ च्या अखेरीस गॅस्ट्रोची साथ सोसली आहे, माणसे दगावली आहेत, आणि तेव्हा जुन्या गळक्या नळांची चर्चा गावभर झाली. ते नळ कशाने गळत होते याचा निवाडा मी करत नाही. पण खोदाईत तडा गेलेला आणि मुकाट बुजवलेला प्रत्येक नळ उद्याच्या साथीची तयारी आहे, हे आपले आरोग्य अधिकारीही मान्य करतील. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव नव्या वाहिन्यांचे चर निघाले. अरुंद गल्लीत जुनी वाहिनी आणि गटार तिथेच, नवीन चरही तिथेच. नव्या नळाला पाणी येण्याआधी जुना नळ फुटलेला असे किती गल्ल्यांत झाले, हे सरपंचांना विचारून बघावे.

केंद्र सरकारने काही केले नाही असे नाही. २०२३ च्या गुढीपाडव्याला, २२ मार्चला, पंतप्रधानांनी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केले. दूरसंचार विभागाने गांधीनगरच्या भास्कराचार्य संस्थेच्या मदतीने ते तयार केले. खोदणाऱ्याने जागा आणि तारीख टाकायची, ज्यांच्या वाहिन्या त्या भागात आहेत त्यांना संदेश जातो, त्यांनी संपर्क करायचा. तेव्हा सरकारनेच सांगितले होते की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर केबल तुटते आणि त्यात सुमारे ३,००० कोटी रुपये वाया जातात. त्याच वर्षी जानेवारीत खोदाईआधी सूचना देण्याचे नियमही काढले गेले. कल्पना उत्तम आहे. पण या अ‍ॅपचा जन्म केबल वाचवण्यासाठी झाला आहे, आणि त्यात जो मालक नोंदलेला आहे त्यालाच संदेश जाणार. आमची पाणीपुरवठा संस्था त्यात नाही. चार भावांची पाइपलाइन त्यात नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या बिडाच्या नळाचे कुणी नोंदवले असेल असे वाटत नाही. आणि खोदणारा उपकंत्राटदार ते उघडत नाही, कारण उघडले नाही म्हणून कुणाचे बिल अडलेले त्याने पाहिलेले नाही.

अमेरिकेत २००७ पासून यासाठी ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. घरामागे झाड लावण्यासाठी खड्डा काढणाऱ्यानेही आधी फोन करायचा, काही दिवसांत माणसे येऊन जमिनीवर रंगाने रेषा मारून जातात, त्याचे पैसे पडत नाहीत. विजेला तांबडा, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा, दूरध्वनीच्या केबलला नारिंगी. ते सगळे जसेच्या तसे उचलावे असे नाही. पण एक क्रमांक आणि जमिनीवरची रेषा, या दोन गोष्टी आपल्याला आजही जमण्यासारख्या आहेत. आपल्या दोन्ही कचेऱ्यांत आपत्ती नियंत्रण कक्ष आहे, १०७७ हा क्रमांक पुरामुळे काठावरच्या माणसाला पाठ आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपणच आहात, म्हणजे गॅस कंपनी, महावितरण, दूरसंचार कंपन्या, रेल्वे, महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, जलसंपदा आणि बांधकाम विभाग यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तो जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून पत्र आपल्याला. खोदाईची सूचना याच कक्षात यावी, तिला क्रमांक मिळावा, आणि तो क्रमांक नसेल तर कोणत्याही खात्याने त्या कामाचे बिल काढू नये. फोन आल्यावर वाहिनीच्या मालकाने ठरलेल्या मुदतीत जागेवर यायलाच हवे. तो आला नाही तर पुढच्या नुकसानीचा भार त्याच्यावर. नाहीतर सगळे ओझे पुन्हा खोदणाऱ्याच्याच डोक्यावर येईल आणि आठ दिवस वाट बघून तो बकेट लावेल.

रात्री-अपरात्री नळ फुटला, गटार तुंबले, अशा तातडीच्या कामाला मुदत नसते हे मान्य. तिथे निदान गॅस आणि वीज या दोघांना फोन करून, त्यांचे उत्तर घेऊन, शक्यतो हातानेच खोदावे. अंधारात यंत्र लावण्याची घाई माणसे मारते.

ऑपरेटर आणि हेल्पर यांच्यासाठी एक छोटे प्रशिक्षण दोन्ही जिल्ह्यांत घ्यावे, मराठीत आणि हिंदीतही. बकेट विजेच्या केबलला लागली तर खाली उतरायचे नाही, केबिनमध्येच बसायचे, लोकांना दूर ठेवायचे, वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरायचे. आग लागली म्हणून उतरावेच लागले तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न फाकता सरकत दूर जायचे. गॅसचा फुसकारा ऐकू आला तर इंजिन बंद करून वाऱ्याच्या उलट बाजूला निघायचे, जवळ कुणी मोबाइल किंवा बिडी काढणार नाही हे बघायचे, दोन्हीकडची वाहतूक थांबवायची, आणि लांबून फोन करायचा. फुटलेली पाइप मातीने दाबायची नाही, दुमडायची नाही, पेटलेला गॅस पाण्याने विझवायला जायचे नाही. हे चार वाक्यांचे ज्ञान यंत्र भाड्याने देणाऱ्या प्रत्येक मालकाने आपल्या माणसाला दिले आहे का, हे तपासायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

शेवटी पुन्हा आमच्या शिवाराकडे. पावसाळा संपून खोदाईचा आणि गाळपाचा हंगाम एकदमच सुरू होतो, त्याआधी गावोगाव पाइपलाइनची शिवारफेरी व्हावी. तलाठी, ग्रामसेवक, पाटकरी, संस्थांचे सचिव आणि गावातली दोन-चार जाणती माणसे यांनी एक-दोन दिवस बांधाबांधाने फिरावे. जिथून पाइप रस्ता, ओढा, कालवा ओलांडते त्या जागा मोबाइलवर टिपाव्यात आणि गावनकाशावर चढवाव्यात. ज्याच्याकडे हुकूम नाही, परवानगीचा कागद नाही, त्यालाही नोंद करू द्यावी, आणि नोंद केली म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही असे आपण जाहीर करावे. ही भीती खरी आहे. ती काढली नाही तर निम्मी पाइपलाइन नकाशावर येणारच नाही. रस्ता ओलांडण्याच्या दोन्ही टोकांना एक-एक खुणेचा दगड आम्ही आमच्या खर्चाने पुरू, तो खोदाईत उखडला जाणार नाही एवढी हमी बांधकाम विभागाने द्यावी.

आमच्या संस्थेच्या मुख्य वाहिनीचा, जॅकवेलपासून शेवटच्या चेंबरपर्यंतचा, हाताने काढलेला नकाशा तयार आहे. त्यात एअर व्हॉल्व्ह, रस्त्याखालची ठिकाणे आणि जिथे खडकामुळे पाइप उथळ आहे त्या जागा दाखवल्या आहेत. आपल्या कचेरीत तो कोणत्या टेबलावर द्यायचा एवढे कळवावे. शेजारच्या संस्थांशी बोलणे झाले आहे, तेही आपापले नकाशे घेऊन येतील.

आपला,
एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सभासद
वाळवा तालुका, जि. सांगली